कुठं लागलं?

चैत्रात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या अड्याळला मारुतीच्या दर्शनासाठी माणसं लोटतात. धानाच्या बांध्या रिकाम्या, ऊन डोक्यावर, आणि त्या दाटीत कुणी कुणाचा खांदा टाळत नाही. मला जत्रा आवडते ती याचसाठी. कारण याच मुलखात एका रोगानं माणसांना पंगतीतून, विहिरीवरून, स्वतःच्या ओसरीवरूनही उठवलं होतं. कुष्ठरोग तो, पण महारोग म्हणायचे त्याला. गतजन्मीचं पाप म्हणायचे.

१८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सेन या डॉक्टरनं त्या पापाला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तो एक जंतू होता, बस्स. मला हा क्षण विज्ञानाइतकाच धर्माचा वाटतो: अगणित माणसांच्या माथ्यावरचा कलंक तिथे पुसायला लागला.

पण नुसत्या ज्ञानानं कुणी कुणाला जवळ घेत नाही. १९१४ साली दोन मुलं जन्मली. एक हिंगणघाटला, एक तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरांत, मिशनरी घरात. पहिले बाबा आमटे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही, म्हणून कलकत्त्याला शिकत असताना त्यांनी प्रयोगासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं. दुसरे डॉ. पॉल ब्रँड. वेल्लोरला त्यांनी ओळखलं की रोग्याची बोटं सडून गळत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यानं चटका, काटा, ठेच कळतच नाही, आणि जखमेवर जखम होत बोटं झिजतात. त्यांनी आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा घास उचलण्याजोगे केले. प्रार्थना करणारा माणूसच इतका वेळ एका जखमेकडे पाहत राहू शकतो, आणि अभ्यास करणाराच तिचं कारण शोधू शकतो. १९९० चा टेम्पलटन पुरस्कार, जो तेव्हा धर्मविचारासाठी दिला जाई, बाबांना आणि चार्ल्स बर्च या जीवशास्त्रज्ञाला मिळून दिला गेला. मला ती जोडी अगदी योग्य वाटते.

पुन्हा अड्याळकडे येतो. तिथून पवनी जवळच. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला. वैनगंगेच्या काठी करुणेचा विचार दोन हजार वर्षांपूर्वीच पोचला होता. तरीही पुढे याच काठानं रोग्यांना वेशीबाहेर ठेवलं. शिकवण होती, पण भीती तिच्याहून मोठी होती. भीती घालवायला औषध यावं लागलं.

आता गावच्या आरोग्यसेविका, आशाताई, घरोघर फिरतात. पाठीवर, दंडावर फिकट चट्टा दिसला की म्हणतात, "आजी, डोळे मिटा. कुठं लागलं ते बोटानं दाखवा." आणि हलकाच स्पर्श करतात. ती तपासणी असते. पण कित्येक वर्षांत कुणी इतक्या जवळ बसून विचारलेलं नसतं. त्या एका प्रश्नात वैद्यक कुठलं आणि धर्म कुठला, हे मला वेगळं काढता येत नाही.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. विज्ञानानं आपलं काम जवळजवळ पुरं केलं आहे. बऱ्या झालेल्या माणसाच्या शेजारी पंगतीत बसणं, त्याच्या घरची मुलगी सून म्हणून आणणं, हे काम कुठल्याही गोळीनं होणार नाही. ते आपल्यालाच करायचं आहे, आणि आता भीतीची सबब उरलेली नाही.