मुंबईच्या पट्टेदाराची वंशावळ

मराठीत कुलवृत्तांत नावाचा एक वाङ्मयप्रकार आहे. समीक्षेने त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. कोकणातल्या एखाद्या गावातून निघालेला मूळपुरुष, त्याच्या शाखा-उपशाखा, कुलदैवत, इनामे आणि शेवटी देणगीदारांची यादी, असा त्याचा ठरलेला घाट. आपण कोण आणि कुठून आलो हे सांगणे अभिमानाचे असते, हे या ग्रंथांत गृहीत धरलेले असते. आम्ही दोघे भिवंडीत मराठी शिकवतो. या परिसरातील पोर्तुगीज काळाविषयी वाचताना एका घराण्याचा वृत्तांत आमच्यासमोर आला, आणि ते गृहीत डळमळले.

घराणे गार्सिया द ओर्ता याचे. १५३४ साली हा वैद्य मार्तिम आफोंसु द सोझा याच्याबरोबर हिंदुस्थानात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. पुढे १५५४च्या सुमारास मुंबई बेट ओर्ताला पट्ट्याने मिळाले. तेव्हा खाडीपलीकडे फिरंगाण आणि अलीकडे, कल्याण-भिवंडीकडे, निजामशाही. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा ओर्ताचा रुग्णही होता आणि स्नेहीही. म्हणजे आमच्या गावाच्या धन्याची नाडी मुंबईचा पट्टेदार पाहत असे!

हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील ओर्ताचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. चारच वर्षांनी क्लुसिअसने त्याचा लॅटिन सारांश काढला आणि तो युरोपभर पोहोचला. त्यात वर्षातून दोनदा फळणारा आंबा आहे, घारापुरीची लेणी आहेत, इथल्या जातीजमातींची वर्णनेही आहेत. एका ठिकाणी ओर्ता पारशी व्यापाऱ्यांविषयी लिहितो. आमचे लोक यांना ज्यू समजतात, पण हे ज्यू नव्हेत, इराणातून आलेले आहेत, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. वाचकाला यात एका चिकित्सक अभ्यासकाचा नेमकेपणा दिसतो.

१८८६ साली काँद द फिकाल्यु याने ओर्ताचे चरित्र लिहिले. त्यात हाच प्रतिष्ठित विद्वान आहे. १९३४ मध्ये आउगुश्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यु याने इन्क्विझिशनच्या कागदांच्या आधारे त्याचे दुसरे चरित्र उजेडात आणले. ओर्ताचे आईवडील १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू होते. पोर्तुगालच्या सरहद्दीवरील काश्तेलु द व्हिद या गावी त्यांनी आसरा घेतला. १४९७ मध्ये तिथल्या ज्यूंचे सक्तीने धर्मांतर झाले, आणि बाप इझाकचा फेर्नांव झाला. ओर्ताची आई आणि बहिणी लिस्बनमधील कैद भोगून १५४९ साली गोव्यात पोहोचल्या. १५६० मध्ये इन्क्विझिशनही त्यांच्यामागून गोव्यात आले. ओर्ता १५६८ साली वारला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारिना पकडली गेली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जाळण्यात आले. ओर्तावर मरणोत्तर खटला चालला. १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या.

हे वाचल्यावर आम्ही पारशांविषयीचा तो उतारा पुन्हा काढला. दुसरे कोण ज्यू नाहीत हे तो निःशंकपणे सांगतो. स्वतःच्या आईवडिलांच्या धर्माविषयी मात्र ग्रंथभर अवाक्षर नाही.

आम्हाला अधिक अस्वस्थ केले ते या वंशावळीच्या उगमाने. अनंत काकबा प्रियोळकरांचे १९६१चे गोवा इन्क्विझिशनवरील पुस्तक वाचणाऱ्यांना त्या न्यायालयाची रीत ठाऊक असेल. आरोपीला प्रथम त्याचे घराणे विचारले जाई. आईवडील, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, कोण कुठे राहते, कोणाचे लग्न कोणाशी झाले, हे सारे लेखनिक टिपून घेई. कारण त्यातील प्रत्येक नाव हा पुढच्या चौकशीचा धागा असे. घरात काय बोलले जाई, हे ओर्ताच्या मेहुण्याला सांगावे लागले आणि तेच मृताविरुद्ध पुरावा ठरले. तेव्हा आज आपण ज्याला ओर्ताचा कौटुंबिक इतिहास म्हणतो, ते मूळचे आरोपपत्र आहे. अभ्यासक त्यातून घराणे जुळवतो, आणि आम्हीही ते उत्सुकतेने वाचले.

याचा अर्थ ओर्ता केवळ बिचारा होता असा नव्हे. तलवारीच्या जोरावर मिळालेल्या मुलखाचा तो लाभार्थी होता. त्याच्या ग्रंथात अंतोनिया नावाची दासी वनस्पती आणून दाखवते. तिचे घराणे मात्र कोणत्याच दप्तरात नाही, कारण ते कोणाला हवेच नव्हते. ज्याचा हेवा वाटतो किंवा ज्याची भीती वाटते, त्याचीच वंशावळ मागितली जाते.

भिवंडीत हे वाचणे आणि इतरत्र वाचणे यांत फरक पडतो. या गावात कोकणी मुसलमान आहेत, आगरी आहेत, १८५७नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचे वंशज आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत. इथे जवळजवळ प्रत्येक घराला एक प्रवास आहे. १९७० आणि १९८४च्या दंगलीही या गावाने पाहिल्या. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न इथे नेहमीच जिव्हाळ्याचा नसतो. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आम्ही 'आमचे घराणे' या विषयावर चार पाने लिहायला सांगतो. नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा घरोघर चालू होती त्या, म्हणजे २०१९-२०च्या हिवाळ्यात, एका विद्यार्थिनीने पाने देण्यापूर्वी विचारले, "सर, हे नंतर कोणाकडे जातं?"

प्रश्न रास्त होता. घराण्याचा इतिहास नातवासाठी लिहिला जातो तेव्हा तो कुलवृत्तांत होतो. तोच तपासनिसाच्या हाती पडला की त्याचा पंचनामा होतो. मजकूर तोच राहतो, बदलतो तो फक्त वाचक. तेव्हापासून ही पाने आम्ही वर्गातच वाचून घेतो आणि ज्याची त्याला परत देतो. ती जपून ठेवायची की नाहीत, हे त्या-त्या घराने ठरवावे.