इंजिनाशिवाय धावणारी गाडी आणि आपल्या महामार्गावरचा धूर

पोस्ट लांब आहे, थोडी तांत्रिकही आहे. पण पुणे-नाशिक महामार्गालगत राहणाऱ्या प्रत्येकाच्या छातीशी तिचा संबंध आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

आपल्या जुन्नर तालुक्यातून रोज पहाटे कितीतरी पोरं चाकणच्या बाजूला कामाला जातात. तिथे ती नेमकं काय करतात, हे आपण कधी विचारत नाही. ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर आपलं भागतं. ओळखीतल्या एका गॅरेजवाल्याचा मुलगा अशाच कामात आहे. त्याला म्हटलं, बाबा रे, तू करतोस काय ते मला एकदा दाखव. कंपनीत बाहेरच्यांना प्रवेश नाही, म्हणून तो मला त्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, फिजिक्सशी संबंध बारावीलाच संपलेला. तरी दोन तास कसे गेले कळलं नाही.

खोलीत गाडी नव्हती, इंजिनही नव्हतं. होतं एक कपाटाएवढं यंत्र आणि त्याला वायरींनी जोडलेला, जेवणाच्या डब्याएवढा ईसीयू. ईसीयू म्हणजे गाडीचा मेंदू. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, धूर साफ करणारी यंत्रणा कधी चालवायची, हे सगळं तो ठरवतो. तो डबा खरा, गाडीत बसतो तोच. बाकी सगळी गाडी त्या कपाटातल्या कॉम्प्युटरमध्ये, गणिताच्या रूपात.

कपाट डब्याला सांगतं, इंजिन इतक्या वेगाने फिरतंय, पाणी इतकं तापलंय, बाहेर हवेचा दाब इतका आहे. डब्याला ते खरं वाटतं. तो उलट हुकूम सोडतो, ‘एवढं डिझेल दे.’ त्या हुकमाने इंजिनाचं काय झालं असतं, ते कपाट तिथल्या तिथे मोजतं आणि नवीन आकडे परत डब्याकडे पाठवतं. हा फेरा सेकंदात हजार वेळा वगैरे फिरतो. याला म्हणतात हार्डवेअर इन द लूप. पोरं नुसतं ‘हिल’ म्हणतात.

पोराने माझ्यासमोर भर मे महिन्यात त्या डब्याला लेहची थंडी दाखवली. मग खेड घाटासारखा चढ दिला, वर गाडीत पूर्ण माल असल्याचं वजन टाकलं. नंतर एका क्लिकमध्ये एका सेन्सरची वायर ‘तोडली’ आणि म्हणाला, “काका, आता बघा, याला चोरी कळते का.” थोड्या वेळात स्क्रीनवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. खऱ्या गाडीवर असे शेकडो बिघाड मुद्दाम करून पाहायचे तर इंजिनं जळतील आणि महिने जातील. इथे रात्रभर यंत्र चालू ठेवायचं आणि सकाळी निकाल वाचायचा.

माझ्या डोक्यात प्रश्न आला तो हा : सगळं इथेच तपासून होत असेल, तर गाडी रस्त्यावर कशाला न्यायची?

पोराचं उत्तर सरळ होतं. हिलवर धूर निघतच नाही. तिथे तपासतात ते मेंदूचं वागणं. प्रत्यक्ष वायू मोजायचा तर खरी गाडी रोलरवर चालवावी लागते आणि शेवटी रस्त्यावरही. आणि कपाटातली गाडी खऱ्या गाडीच्या किती जवळची, हे ती बनवणाऱ्या माणसावर असतं.

रस्त्यावर मोजणं का लागतं, हे जगाला २०१५ साली कळलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधला ईसीयू परीक्षा ओळखायचा. स्टिअरिंग किती वळतंय, वेग कसा बदलतोय, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती, यावरून त्याला कळायचं की आपण प्रयोगशाळेत आहोत. तेवढ्यापुरती धूर साफ करणारी यंत्रणा पूर्ण चालायची. रस्त्यावर आलं की ढिली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या चमूने गाडीच्या मागे मोजयंत्र बांधून ती रस्त्यावर चालवली, म्हणून ते उघड झालं. अमेरिकी पर्यावरण खात्याच्या म्हणण्यानुसार नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने रस्त्यावर तपासणी केल्यावर कंपनीने ३ लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०१९ मध्ये हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड सुनावला, त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

आपल्या देशानेही धडा घेतला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचं रस्त्यावरचं उत्सर्जनही मर्यादेत असणं बंधनकारक झालं. म्हणजे कारखान्याच्या दारापर्यंतची व्यवस्था बऱ्यापैकी कडक आहे.

दाराबाहेर काय आहे, ते आता सांगतो.

बीएस-६ ट्रकला डिझेलच्या टाकीशेजारी युरियाची छोटी टाकी असते. ते युरियाचं पाणी धुरावर फवारलं की नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि वाफ होते. युरिया संपला तर ईसीयू इंजिनाची ताकद कमी करतो, म्हणजे मालकाला भरावाच लागतो. पण यावरही तोड निघाली आहे. एक छोटी डबी वायरिंगमध्ये बसवतात. ती ईसीयूला सांगत राहते की फवारा चालू आहे, सगळं ठीक आहे. फवारा बंद, दिवा बंद, गाडी पूर्ण ताकदीने पळतेय.

हे ऐकल्यावर मी त्या पोराकडे पाहिलं. तो म्हणाला, “काका, आम्ही जे दिवसभर करतो तेच आहे हे.” खरंच आहे. हिलवर ईसीयूला खोटे सिग्नल देतात, ते तो प्रामाणिक आहे का हे पाहायला. फोक्सवॅगनमध्ये ईसीयूनेच तपासणाऱ्याला फसवलं. आणि ही डबी ईसीयूला फसवते. विद्या एकच, हेतू वेगळे.

टोमॅटोची वाहतूक करणाऱ्या एका ट्रकवाल्याशी बोललो. त्याच्या गाडीला डबी नाही, असं तो सांगतो. पण बसवणाऱ्यांची बाजू त्याने मांडली. सेन्सर बिघडला की गाडी घाटात ओढत नाही, वर्कशॉप लांब, मागे माल सडतोय, बाजारभाव थांबत नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण त्या घाटाखाली शाळा आहेत, दवाखाने आहेत, म्हातारीकोतारी माणसं आहेत. नायट्रोजन ऑक्साइड दम्याला वाईट, आणि उन्हात त्याचा जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो पिकांनाही मारक असतो.

मग हे पीयूसीत पकडलं जात नाही का? नाही. पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा बघतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. शिवाय जे मोजायचं तेही होतं का? गेल्या वर्षी माझ्या दुचाकीची पीयूसी काढली. नंबर प्लेटचा फोटो निघाला, पैसे घेतले, सर्टिफिकेट हातात. सायलेन्सरमध्ये नळी गेलीच नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, “गाडी चांगली आहे ना, मग?”

एकीकडे सेकंदाला हजार वेळा प्रश्न विचारणारं यंत्र आणि दुसरीकडे एकही प्रश्न न विचारता मिळणारा कागद. मधली वर्षं गाडी आपल्या गावातून धावते.

मागण्या साध्या आहेत. पीयूसी आणि फिटनेस तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजा. महामार्गावर अचानक तपासणी करा, आणि ती टाकी-वायरिंगसकट करा, कारण डबी असेल तर नुसता ईसीयू वाचून काही सापडणार नाही. डब्या विकणाऱ्यांवर कारवाई करा, नुसत्या ड्रायव्हरवर नको. आणि सेन्सर दुरुस्तीची सोय तालुक्याच्या जवळ आणा, म्हणजे प्रामाणिक ट्रकवाल्याचा माल सडणार नाही.

हे निवेदन मी आरटीओला आणि आमदारांना देणार आहे. सोबत सह्या हव्यात. तुमच्या पीयूसीच्या वेळी नळी लावली होती का, एवढं फक्त खाली खरं खरं लिहा. केंद्राचं नाव नको, हो की नाही एवढंच पुरे.