बिनतोंडाचा ठेवीदार

परवा रात्री संग्रामपूरच्या आमच्या ओसरीवरच्या दिव्यापाशी एक पाहुणा आला. चार-पाच इंच रुंद फिकट पोपटी पंख, प्रत्येक पंखावर एक डोळा, मागे दोन लांब शेपट्या. चंद्रपतंग, म्हणजे मून मॉथ. हिमालयापासून दक्षिण भारतापर्यंत आणि पूर्वेला चीनपर्यंत याचा गोतावळा. हा बहुधा सातपुड्यातून उतरला असावा.

"याला खायला काय ठेवू?" सौ.नं विचारलं.

"काही नको. त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं."

मोईसारख्या झाडावर अळी असताना हा नुसता पानं खातो, चार वेळा कात टाकतो, मग पानांत कोश विणून निजतो. पंख फुटले की आयुष्य जेमतेम आठवड्याचं. तेवढ्यात जोडीदार गाठायचा, मादीनं अंडी घालायची. खर्च सगळा अळीपणीच्या शिलकीतून! वीस वर्षं बँकेत काढली, पण असा ठेवीदार पाहिला नाही.

"बघ, याला म्हणतात बचत!" मी म्हणालो.

"पण अहो, त्यानं वेळेवर ठेव मोडली तरी! तुम्ही मात्र अंबाबरव्याचं जंगल दाखवायची मुदत दरवर्षी वाढवताय."

मला तोंड होतं, पण उपयोग नव्हता. सकाळी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला.