घडी

मराठी घरात ‘घडी’ हा शब्द लुगड्याला लागतो तसाच संसारालाही लागतो. घडी बसते, मोडते, विस्कटते. एखादा वृद्ध पिता आपल्याच मुलाला ‘आपण कोण?’ असे विचारू लागला, म्हणजे त्या घराची घडी विस्कटते. शेजारीपाजारी त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतात. परंतु या विस्कटण्यामागे, दृष्टीस न पडणाऱ्या पातळीवर, खरोखरीचीच एक घडी मोडलेली असते. ती कशी मोडते हे उलगडणाऱ्यांत ख्रिस्तोफर डॉब्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाचे स्थान मोठे आहे.

डॉब्सन यांचा जन्म १९४९ साली जर्मनीतील रिन्टेल्न येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात होते. ऑक्सफर्डला शिक्षण झाल्यावर १९७७ मध्ये ते हार्वर्डला अध्यापक झाले आणि १९८० मध्ये ऑक्सफर्डला परतले. त्यांच्या अभ्यासाचा रुग्णालयाशी वरकरणी काहीच संबंध नव्हता. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचे प्रथिन असते. १२९ अमिनो आम्लांची ती एक साखळी. ही साखळी आपली नेमकी घडी आपणच कशी घालते, हा त्यांचा प्रश्न होता. घडीचा आराखडा साखळीच्या क्रमातच असतो, हे दाखविणाऱ्या अ‍ॅनफिन्सेन यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. परंतु आराखड्यापासून आकारापर्यंतची वाट अंधारातच होती. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने डॉब्सन ती वाट टप्प्याटप्प्याने पाहत राहिले.

मग या वाटेला अनपेक्षित वळण लागले. काही कुटुंबांतील आनुवंशिक रोगात अवयवांत तंतूंचा साठा होतो आणि ते तंतू सदोष मानवी लायसोझाइमचे असतात, असे लंडनमधील मार्क पेपिस व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले होते. साखळीतले एकच आम्ल बदललेले. त्यामुळे घडी सैल पडते, उघडते, आणि उघडलेल्या साखळ्या एकमेकींना बिलगून तंतू बनतात. पेपिस व डॉब्सन यांच्या गटांनी हे १९९७ साली मांडले. पुढच्याच वर्षी डॉब्सन यांच्या प्रयोगशाळेत, कोणत्याही रोगाशी संबंध नसलेल्या एका प्रथिनाचे आम्लयुक्त द्रावण हळूहळू लिबलिबीत झालेले दिसले. तपासले तर त्यात तेच तंतू! २००१ साली स्नायूंतील मायोग्लोबिनचेही तसे तंतू झाले.

एखाद्याने हे अपवाद म्हणून बाजूला ठेवले असते. डॉब्सन यांनी त्यातून नियम वाचला. तंतू होणे ही मोजक्या दुष्ट प्रथिनांची खोड नसून, योग्य परिस्थिती मिळाल्यास बहुतेक प्रथिनांना उपलब्ध असलेली ती एक वाट आहे. विकृती बाहेरून येत नाही. ती प्रकृतीच्याच पोटात असते. पेशीतील साहाय्यक प्रथिने घडी सांभाळतात, बिघडलेल्या साखळ्यांची विल्हेवाट लावतात. वार्धक्यात ही राखण ढिली पडते. अल्झायमरच्या रोगात अ‍ॅमिलॉइड-बीटा आणि टाऊ, पार्किन्सनच्या रोगात आल्फा-सिन्युक्लिन अशी प्रथिने साचतात. शिवाय, पूर्ण तंतूंपेक्षा त्यांच्या आधीची लहान पुंजकीच पेशींना अधिक घातक ठरतात, असे २००२ साली फ्लॉरेन्समधील संशोधकांसह केलेल्या प्रयोगांत दिसून आले.

२००१ मध्ये डॉब्सन केंब्रिजला गेले आणि २००७ पासून तेथील सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख झाले. २०१८ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात, सत्तरी पूर्ण होण्यास एक महिना उरला असताना, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अल्झायमरमधील प्रथिनाच्या पुंजक्यांवर नेम धरणारे लेकॅनेमॅब हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आरंभीच्या अवस्थेत ते रोगाची गती काहीशी मंदावते. गेलेली स्मृती परत आणीत नाही.

तेव्हा त्या घरातील मुलाच्या हाती या सगळ्यातून काय आले? वडील अजूनही त्याला ओळखणार नाहीत. परंतु हे विस्मरण त्यांचा हेकटपणा नव्हे, कोणाच्या पापाचे फळ नव्हे, हे त्याला आता ठाऊक असू शकते. ज्या द्रव्याने मुलाला ओळखण्याची शक्ती दिली, तेच द्रव्य वयापरत्वे आपली घडी हरवून बसले आहे. एवढे समजल्यावर ‘म्हातारचळ’ हा शब्द त्याच्या तोंडून सहजासहजी निघणार नाही.