लक्याचं धरण

कुद्रेमुखहून आल्यापासून तो एकाच गोष्टीवर बोलतो. शिखर चढताना लागलेला दम, शोला जंगलातली जळवांची दहशत, हिरव्या डोंगरउतारांचे फोटो हे सगळं बाकीच्यांनी सांगावं. त्याच्या डोक्यात लक्याचं धरण बसलंय. आणि ते त्याला जवळून पाहताही आलं नाही. फाट्यावर रखवालदाराने शांतपणे सांगितलं, परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही.

तो सुदुंबऱ्याचा. संताजी महाराज जगनाड्यांची समाधी असलेलं, भंडाऱ्याच्या डोंगराजवळचं मावळातलं गाव. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या एका कंपनीत तो कामाला होता. कंपनी बंद झाली, हिशोब मिळाला, घरी बसला. त्यावर तो फारसं बोलत नाही. भावकीतल्या पोरांनी पाऊस सरल्यावर कर्नाटकात ट्रेक ठरवला, गाडीत एक जागा होती, तो गेला.

कारकळकडून घाट चढून गेलं की जंगलात एकदम वसाहत लागते. आखीव रस्ते, एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा. पुष्कळ घरांची दारं कायमची बंद, भिंतींवर शेवाळ, छपरांवर गवत. पावसाळ्यात इथे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, म्हणजे लोणावळ्यालाही मागे टाकणारा. असल्या पावसात रिकामं घर फार टिकत नाही. पोरं फोटो काढत फिरली. तो मात्र एका क्वार्टरच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिला. शिफ्टचा भोंगा, डबे, शाळेत निघालेली पोरं, पगाराच्या दिवशीचा बाजार हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कुद्रेमुखची हकिगत थोडक्यात अशी. इथल्या डोंगरात मॅग्नेटाइट जातीचं लोहखनिज आहे, भरपूर पण हलक्या प्रतीचं. ते काढायला 1976 साली केंद्र सरकारने कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी काढली. पैसा इराणच्या शहांचा आणि मालही इराणलाच जायचा होता. 1979 मध्ये तिथे क्रांती झाली, शहा गेले, गिऱ्हाईक गेलं. खाण तोवर जवळजवळ तयार होती. कंपनीने दुसरी गिऱ्हाइकं शोधली आणि पंचवीसेक वर्षं डोंगर कापला. मग निवृत्त वनाधिकारी के. एम. चिन्नप्पा सर्वोच्च न्यायालयात गेले. खाण राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात होती, भद्रा नदीत गाळ जात होता. 30 ऑक्टोबर 2002 ला निकाल लागला आणि 2005 च्या अखेरीस खाणकाम थांबलं.

वसाहतीतल्या चहावाल्या अण्णांशी तो मोडक्या हिंदीत बोलला. कायम कामगारांपैकी कुणी मंगळूरच्या प्लांटला गेले, कुणी स्वेच्छानिवृत्ती घेतली, असं अण्णा म्हणाले. आणि कॉन्ट्रॅक्टवरचे? अण्णांनी नुसता हात हलवला. त्या क्षणी त्याला निकाल देणाऱ्यांचा, अर्ज करणाऱ्यांचा, एकूण जंगलवाल्यांचाच राग आला. माकडाला वकील मिळतो आणि माणसाला मिळत नाही, असं तो गाडीत बसल्यावर बोलून गेला. इथे सिंहपुच्छ वानर आहे, त्याला उद्देशून ते होतं.

हा राग टिकला नाही, कारण मग लक्या समजलं.

हलक्या प्रतीच्या खनिजातलं लोखंड वेगळं करायला दगड अगदी पिठासारखा दळावा लागतो. चुंबकाने लोहकण ओढून घ्यायचे, ते पाण्यात कालवायचे आणि नळातून खाली सोडायचे. कुद्रेमुखहून मंगळूर बंदरापर्यंत 67 किलोमीटरची अशी पाइपलाइन होती. मोठी हुशारीची गोष्ट, यात शंका नाही. पण दळलेल्या दगडातला अर्ध्याहून जास्त भाग लोखंड नसतो. तो चिखल कुठे ठेवायचा? त्यासाठी भद्रेला मिळणाऱ्या लक्या ओढ्यावर सुमारे शंभर मीटर उंचीचं मातीचं धरण बांधलं. सगळी वर्षं सगळा चिखल त्यामागे साठत गेला. लोखंड जहाजांत भरून परदेशी गेलं. चिखल इथेच आहे, कोट्यवधी टन, भद्रेच्या डोक्यावर, त्या पावसात.

मावळातल्या माणसाला धरण नवं नाही. वळवण, ठोकळवाडी, पवना ही धरणं त्याने लहानपणापासून पाहिलेली. पवनेचे धरणग्रस्त अजून पुनर्वसनासाठी भांडतायत. पवनेच्या पाइपलाइनवरून 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले, ते त्याच्या तालुक्यातलंच. पण त्या धरणांत निदान पाणी आहे. पाणी शेतीला जातं, नळाला येतं, त्यावरून भांडता तरी येतं. लक्यातल्या चिखलाचं कुणाला काहीच करता येत नाही. तो फक्त धरून ठेवायचा, दर पावसाळ्यात, कायम. खाण पंचवीस वर्षं चालली. राखण किती वर्षं करायची?

हा प्रश्न त्याने ट्रेकच्या पोरांना विचारला, घरी विचारला, पारावर विचारला. काही जण म्हणाले, कंपनी सरकारी आहे, बघेल की. कंपनी आजही आहे आणि धरण तिच्याच देखरेखीखाली आहे, हे खरंच. पण बंद पडलेली कंपनी त्याने आतून पाहिली आहे. नफा आटला की कशावरचा खर्च आधी कापतात, हे त्याला ठाऊक आहे.

त्याची भीती हवेतली म्हणता येत नाही. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे 25 जानेवारी 2019 ला लोहखाणीच्या गाळाचं धरण फुटलं आणि 270 माणसं गेली. त्या धरणात गाळ टाकणंही काही वर्षांपूर्वीच थांबलं होतं. वेल्समधल्या अॅबरफॅनला 1966 साली कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढीग पावसाने घसरून शाळेवर आला. 144 मृतांत 116 मुलं होती. आणि एवढ्या लांब जायची तरी काय गरज? 30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ सुदुंबऱ्यातच आहे. चिखलातून माणसं काढणं म्हणजे काय, हे त्या गावाला टीव्हीवरून कळलेलं नाही. लक्याचं धरण उद्या फुटेल असं तो म्हणत नाही. आपण तसं म्हणूही नये. पण खाणीला परवानगी देताना गाळाच्या राखणीचा शंभर वर्षांचा पैसा आधी बाजूला काढून ठेवायला लावावा, असं तो म्हणतो, आणि त्यात चूक काढता येत नाही. सिंधुदुर्गात कळण्याला जुलै 2021 मध्ये खाणीतलं साठलेलं पाणी बांध फोडून गावात शिरलं, चिखल शेतात आणि घरांत गेला. म्हणजे हा प्रश्न कर्नाटकावर सोडून आपण मोकळे होत नाही.

मग खाण बंद झाली ते बरं की वाईट? विचारलं तर तो अडखळतो. बंद झाली नसती तर चिखल आणखी वाढला असता, हे त्याला पटतं. 2012 मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारशात गेली त्यांत कास, कोयना, चांदोली, राधानगरीबरोबर कुद्रेमुखही आहे, हे तो अभिमानाने सांगतो. आणि पाच मिनिटांनी पुन्हा कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसांवर येतो. निकालापासून खाण थांबेपर्यंत तीन वर्षं हातात होती, तेवढ्यात सरकारने त्यांच्यासाठी काय केलं, असं विचारतो.

वसाहतीचं पर्यटनकेंद्र करावं, असे प्रस्ताव अधूनमधून येतात. ट्रेकच्या पोरांना ती कल्पना फार आवडली. क्वार्टर्स रंगवल्या की काम झालं. तोही आधी हो म्हणाला, तेवढाच तिथल्या लोकांना रोजगार. लोणावळ्याच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागली की मात्र त्याचं मत बदलतं. सध्या तो नको म्हणतोय.