अर्थ लागत नव्हता

जुन्या गाडीची बॅटरी उतरली की सल्ले फुकट मिळतात. पहिला, ‘बॅटरी बदला’. दुसरा, ‘अल्टरनेटर गेलाय’. तिसरा, ‘भंगारात काढा आता’. आमच्या २००४ सालच्या मारुती ८०० ला गेल्या डिसेंबरात हे तिन्ही एकाच आठवड्यात मिळाले. पहिला तर आम्ही आधीच दोनदा ऐकला होता. तीन वर्षांत दोन नव्या बॅटऱ्या घेऊन झाल्या होत्या आणि आता तिसरीची पाळी होती.

एरवी मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण आईचं डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहाची शिफ्ट. शाहूपुरीतून साडेपाचला निघावं लागतं. त्या वेळी रिक्षा मिळते, पण मिळेलच असं नाही. उशीर झाला तर तेवढा वेळ मशीनवरच्या तासांतून कमी होतो, कारण पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो. दोनदा शेजारच्या पोरांना उठवून धक्का स्टार्ट केली. तिसऱ्यांदा आईच म्हणाली, “राहू दे, आज नको जाऊया.” हे ‘आज नको’ मला गाडी बंद पडण्यापेक्षा जास्त घाबरवून गेलं.

नवी गाडी घेण्याजोगी परिस्थिती नाही. मग मी उद्यमनगरात गेले. तिथे ऑइल इंजिनपासून लेथच्या सुट्या भागांपर्यंत सगळं होतं, तसे गाड्यांचे जुने वायरमनही आहेत. त्यातल्या एका मामांनी गाडी न बघताच विचारलं, “बॅटरी संपतीया, का पोचत न्हाई?”

मला फरक कळला नाही, तेव्हा त्यांनी समजावलं. गाडीची वीज म्हणजे एक फेरी. बॅटरीच्या प्लसपासून जाड वायरीने स्टार्टरपर्यंत जायचं आणि इंजिनच्या लोखंडातून, अर्थच्या पट्टीने मायनसला परत यायचं. सगळे जाण्याची वाट बघतात, परतीची कोणी बघत नाही. “मीटर घे आणि मोज,” म्हणाले. “अंदाजानं बॅटरी बदलणं म्हंजे ताप न मोजता गोळ्या खाणं.”

साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांना मिळतो. रविवारी सकाळी बोनेट उघडलं. बाबा स्टिअरिंगवर, मी मीटरवर. बाबांचे हात आता थरथरतात, बारीक स्क्रू धरवत नाहीत, पण किल्ली फिरवायचा हक्क त्यांचा.

पहिलं माप, गाडी रात्रभर उभी असताना. कारच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. आमची १२.२, म्हणजे जेमतेम अर्धी.

दुसरं, गाडी बंद असताना कोणी गुपचूप वीज खातंय का. मायनसची क्लॅम्प काढून मीटर मध्ये जोडायचा. मात्र असा मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर चालतं. ४०० असते, तर दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास गेले असते आणि आमची ३५ची बॅटरी चार दिवसांत रिकामी झाली असती. आले ३०. चोर घरात नव्हता.

तिसरं, गाडी चालू करून. बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवेत. आमचे १३.१, आणि हेडलाइट लावले की १२.८. इथेच ‘अल्टरनेटर गेला’ म्हणून तीन-चार हजारांचा खर्च झाला असता. पण मामांच्या सांगण्यावरून मी तेच माप अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर घेतलं. तिथे १४.२. म्हणजे वीज तयार होत होती, बॅटरीपर्यंत पोचत नव्हती.

मग शेवटचं माप. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला. “बाबा, मारा सेल्फ!” इथे ०.२ च्या आत यायला हवं. आले २.४. इंजिन आणि बॅटरी यांच्यामधल्या फूटभर पट्टीतच अडीच व्होल्ट जिरत होते. जाताना स्टार्टरची ताकद तिथे संपत होती आणि चार्जिंगही तिथेच अडत होतं. बॅटरी कायम अर्धपोटी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी अर्धी राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि ती वेळेआधी मरते. आधीच्या दोन्ही अशाच गेल्या असणार.

पट्टी गिअरबॉक्सजवळच्या बोल्टला होती. काढली तर बोल्टाखाली गंज, आणि प्लास्टिकच्या आत तांब्याची हिरवी भुकटी. बाबांनी ती बोटांवर घेतली आणि म्हणाले, “एकोणीसचं पाणी.”

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ च्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात पेट्रोल नाही, दूध नाही. आमची गाडी गल्लीत अर्ध्या दारापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर सीटा वाळवल्या, ऑइल बदललं, गाडी चालू झाली. त्याच वर्षी पंधरा वर्षं भरल्यामुळे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरणही केलं. पूर संपला, असं सगळ्यांनी धरलं. तो तांब्यात शिरून हळूहळू खात बसला होता.

मामांनी नवी जाड वायर कापून दोन्ही टोकांना लग दाबून दिले. बोल्टाची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, घट्ट आवळलं, वरून ग्रीस लावलं. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुतली. खर्च अडीचशे रुपये. परत मापलं: सेल्फ मारताना ०.१, चालू गाडीवर १४.१. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, तीच अजून आहे.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी हे चार आकडे लिहून काढा. अर्धा तास लागतो. रोषणाई मंदावली, सेल्फ नुसता कट-कट वाजला, तरी आधी परतीची वाट बघा.

जुनी गाडी किती वर्षं चालेल, माहीत नाही. आईच्या तब्येतीबद्दल डॉक्टरही आकडा सांगत नाहीत. दर महिन्याला तिचे रिपोर्ट येतात. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन मी वहीत उतरवते. त्याच वहीच्या मागच्या पानावर बॅटरीचे व्होल्ट आहेत. परवा आईने वही उलटी उघडली आणि विचारलं, “हे १२.६ कुणाचं गं? चांगलं आहे का?”

“गाडीचं. उत्तम आहे.”

“मग उद्या पाच वाजता उठव,” म्हणाली. “आंघोळ करून निघायचंय.”