बार्शी लाइटचे थांबे

कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणाऱ्या जुन्या अरुंद लोहमार्गाच्या खुणा शोधू लागले तर फारसे काही हाती लागत नाही, आणि त्याचे कारण त्या मार्गाच्या घडणीतच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत धावू लागलेल्या ‘बार्शी लाइट’चे गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, अवघे ७६२ मिलिमीटर होते, इंजिन असो वा मालडबा, एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी बसवलेल्या दांड्यावर, पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा दंडक होता, आणि म्हणून हलके रूळही पुरत. जमिनीवर जिने इतका कमी भार टाकला, त्या गाडीमागे भव्य भग्नावशेष उरणार तरी कसे?

या पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या आयुष्यात मात्र थांब्याचा अर्थ वयागणिक बदलत गेला. लहानपणी गाडीची शिट्टी हेच घरचे घड्याळ असे. पुढे शिक्षणासाठी वा पोटासाठी गाव सोडताना कुर्डुवाडीला ‘गाडी बदलणे’ आले, म्हणजे लहान गाडीतून उतरून वळकटी आणि पत्र्याची पेटी सांभाळत पुण्या-मुंबईच्या मोठ्या गाडीकडे जाणे आले, आणि गाव खऱ्या अर्थाने मागे पडे ते त्या चार पावलांत. मालाची पोतीही तशीच एका डब्यातून दुसऱ्यात चढवावी लागत. हा खोळंबा संपवणारे रुंदीकरण हवेच होते. २००८ पर्यंत लातूरच्या बाजूचे काम पुरे झाले, जुन्या मार्गाने बाजूला ठेवलेल्या धाराशिवला रेल्वे मिळाली आणि जुने काही टप्पे ओस पडले.

अशा टप्प्यावर भराव, म्हणजे रुळांखाली रचलेला मातीचा लांबट उंचवटा, तेवढा ओळखू येतो. त्यावर आता बैलगाडीची चाकोरी उमटते, कडेची खडी हरळीत बुडालेली असते, आणि पावसाळ्यानंतर शेतातला माल त्याच वाटेने बाहेर पडतो. लातुरात तर रूळ गेले तरी ‘जुनी रेल्वे लाइन’ हा पत्ता राहिला. ती गाडी कधीच न पाहिलेली मुले तो सांगतात आणि रिक्षावाला, कोणती लाइन, असे विचारत नाही.